बसेल तेवढा मैदा

बाळा,

परवा रात्री तुझा फोन आला. केक मधोमध बसला आणि कडा करपल्या म्हणालास, आणि फोन ठेवता ठेवता, ‘आजी, हे काही माझं काम नाही.’ केक बसल्याचं मला काही वाटलं नाही. बसलेला केक दुधात कुस्करून खाता येतो. पण त्या शेवटच्या वाक्यानं मला झोप लागली नाही. म्हणून आज पूजा आटोपल्या आटोपल्या हेच लिहायला घेतलं.

तुला स्वयंपाक येतो, मी बघितलंय. पिठलं तू फार छान करतोस. गुठळ्या झाल्या तर घोटतोस, घट्ट झालं तर आधणाचं पाणी घालतोस, मीठ कमी वाटलं तर वरून टाकतोस. पिठलं अगदी शेवटपर्यंत तुझ्या हातात असतं. केकचं तसं नाही. ओव्हनचं दार लागलं की मीठही घालता येत नाही आणि पाणीही. जे नीट व्हायचं ते दार लागायच्या आधीच व्हावं लागतं. आपल्या घरात अंदाजानं स्वयंपाक करणाऱ्या सुगरणी झाल्या आणि त्यांचा अंदाज खराच होता. पण दार बंद करून भाजायच्या पदार्थात शिकाऊ माणसानं अंदाज लावला तर तो अंदाजपंचे दाहोदरसे होतो.

माझ्या लहानपणी सांगलीत घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीच्या आठवडाभर आधी नानकटाईचं पीठ घरी करायचं आणि गल्लीच्या टोकाच्या बेकरीत भाजून आणायचं. बेकरीतले काळे झालेले पत्रे घरी आणून त्यावर गोळे मांडायचे, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायची आणि रांगेत उभं राहायचं. भट्टीवाले काका भट्टीच्या तोंडाशी हात धरून मनातल्या मनात आकडे मोजायचे. ठरलेल्या आकड्याच्या आधी हात मागे घ्यावा लागला तर म्हणायचे, अजून तापलीय, थांबा. लोकांना तो अंदाज वाटायचा. मी रोज बघत होते, ते मोजत होते.

तुझ्या पणजीच्या वहीत नानकटाईची कृती दोन ओळींची आहे : तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, सोडा चिमूटभर, वेलदोडा, मैदा बसेल तेवढा. तिला तेवढं पुरायचं, कारण ती शिकली तेव्हा तिची आई शेजारी उभी राहून गोळा बोटानं दाबून दाखवत होती. मला लग्नानंतर वही मिळाली, पण आई शेजारी नव्हती. पहिल्या वर्षी मैदा जास्त बसवला, नानकटायांना दात लागेना. दुसऱ्या वर्षी कमी बसवला, त्या भट्टीत पसरून एकमेकींना चिकटल्या. तिसऱ्या वर्षी मी मैद्याचा डबा पीठ करायच्या आधी आणि नंतर वाण्याच्या तराजूवर तोलून आणला. ‘बसेल तेवढा’ म्हणजे किती, ते तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून नानकटाई करताना माझा हात थरथरला नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की तू ज्या पानभर सूचनांना वैतागतोस, त्या म्हणजे शेजारी उभी असलेली आई आहे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि माहेरापासून लांब संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना आधार झालं, ते त्यात वाटी-चमच्याची मापं नेमकी दिली होती म्हणून. सविस्तर कृती मिळाली की तिला कटकट म्हणू नये. कुणीतरी तुझ्यासाठी तेवढे केक आधीच बिघडवून बसलेलं असतं.

आता एकेक गोष्ट कानात सांगते.

कृती दोनदा वाच, मग ओटा मोकळा कर

पहिल्यांदा गोष्ट वाचतो तशी वाच. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बस. आधी करून ठेवायच्या गोष्टींखाली रेघ मार : लोणी कधी बाहेर काढायचं, खजूर किती वेळ भिजवायचा, ओव्हन कधी लावायचा. आपल्याकडे नसलेल्या जिनसांभोवती गोल कर.

वाचताना स्वल्पविरामसुद्धा सोडू नकोस. ‘एक कप अक्रोड, चिरून’ म्हणजे आधी मोजायचे, मग चिरायचे. ‘एक कप चिरलेले अक्रोड’ म्हणजे चिरून मग मोजायचे. चिरलेले तुकडे कपात दाटीनं बसतात, म्हणून दुसऱ्या मापात अक्रोड जास्त येतात. मैद्याचं उलट. चाळलेला मैदा फुलतो, म्हणून ‘एक कप चाळलेला मैदा’ हा ‘एक कप मैदा, चाळून’ यापेक्षा कमी भरतो.

मग सगळं मोजून मांड. सत्यनारायणाला गुरुजी यायच्या आधी आपण ताटात सगळी तयारी ठेवतो, तसं. भांड्याला तुपाचा हात, तळाला कागद, ओव्हन तापत लावलेला. मिश्रण तयार झाल्यावर भांडं शोधत बसलास तर केक फुगवणारे बुडबुडे तोवर विरून जातात.

वाटी ठेवून दे, काटा घे

घरातली पहिली खरेदी डिजिटल वजनकाट्याची कर. डब्यात कप बुडवून दाबून मैदा भरला तर तो १५० ग्रॅमपर्यंत जातो. चमच्यानं हलका भरून सुरीच्या पाठीनं सपाट केला तर १२० ते १२५ भरतो. दोन कपांच्या केकमध्ये ही तफावत ५०-६० ग्रॅमची झाली. तेवढ्यात मऊ केकचा कोरडा ठोकळा होतो, आणि आपण मात्र म्हणतो, मी मापानंच घेतलं होतं.

कपाच्या कृती ग्रॅममध्ये करून घे आणि हे आकडे फ्रिजवर चिकटव. एका कपात मैदा १२० ते १२५ ग्रॅम, साखर २००, लोणी २२५, दूध किंवा पाणी २४०. अमेरिकन कृतीत लोण्याची एक ‘स्टिक’ असते, ती ११३ ग्रॅमची. त्यांचे ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण १८० सेल्सिअस. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि छोटा ५ चा. फक्त ऑस्ट्रेलियातल्या कृतीत मोठा चमचा २० चा असतो. सोडा, मीठ, यीस्ट या गोष्टी इतक्या थोड्या लागतात की घरचा काटा त्यांना दाद देत नाही. त्यांच्यासाठी मापाचे चमचे आण, आणि चमचा नेहमी सपाट भर. चहा ढवळायचा चमचा म्हणजे माप नव्हे. माझ्याच घरात तीन आकाराचे आहेत.

अंडीही तोल. परदेशी कृतीतलं मोठं अंडं फोडल्यावर ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. आपल्याकडची पुष्कळदा लहान असतात. तीन अंडी लिहिली असतील आणि तुझी तीन १२५ च भरली, तर चौथं फोडून फेट आणि त्यातलं लागेल तेवढं घाल.

भांड्याचंही माप असतं आणि ते बहुतेक जण विसरतात. आठ इंची गोल भांड्याचा तळ ५० चौरस इंच, सहा इंचीचा अवघा २८. म्हणजे आठ इंचाच्या कृतीतलं निम्म्याहून थोडंच जास्त मिश्रण सहा इंची भांड्यात मावतं. आठ इंची चौकोनी आणि नऊ इंची गोल मात्र जवळजवळ सारखेच, ६४. कोणतंही भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नकोस. तू फोटो पाठवलास त्यातलं भांडं मला सहा, फार तर सात इंची दिसतंय. कृती आठची होती ना? मग खड्ड्याचं निम्मं कारण सापडलं.

पुस्तकातलं घर वेगळं, आपलं घर वेगळं

कृतीत लिहिलेलं असतं, लोणी खोलीच्या तापमानाला आणा. लिहिणाऱ्याच्या खोलीत वीस-एकवीस अंश असतात. पुण्यात मे महिन्यात तुझ्या स्वयंपाकघरात पस्तीस असतात, तिथं तासभर ठेवलेलं लोणी म्हणजे तेल. वितळलेल्या लोण्यात साखर फेसली तर हवा धरत नाही. म्हणून घड्याळ बघू नकोस, बोट लाव. बोटानं खळगा पडावा, पण लोणी घसरू नये आणि वर चकाकी येऊ नये. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ होतात.

आपलं रोजचं पिवळं लोणी खारं असतं. ते वापरणार असशील तर कृतीतलं मीठ वगळ. लोण्याऐवजी तूप घालायचं असेल तर सारखं वजन घेऊ नकोस. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणीच. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध.

आपली साखर जाड दाण्याची. लोण्यात ती लवकर विरघळत नाही, म्हणून मिक्सरमधून एकदोन झटके देऊन बारीक कर, पार पीठ नको. कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट एक नव्हेत, दुसऱ्यात बरीचशी साखर असते. आपल्याकडचं २५ टक्क्यांचं साधं क्रीम कितीही घुसळलं तरी उभं राहत नाही, फेटायला ३५ टक्क्यांच्या आसपासचं लागतं. मैद्याऐवजी कणीक घालावीशी वाटते, ती घाल, पण पहिल्या वेळी चौथा हिस्साच. कणीक पाणी जास्त पिते.

सोडा आणि पावडर या सख्ख्या बहिणी नव्हेत

खाण्याच्या सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं : दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही आधीच असतात, तिला ओलावा आणि उष्णता पुरते. म्हणून एकीच्या जागी दुसरी बिनदिक्कत घालू नये. कपभर मैद्याला बेकिंग पावडर एक ते सव्वा छोटा चमचा, किंवा आंबट असेल तर सोडा पाव छोटा चमचा, एवढंच लागतं. जास्त घातलं तर जास्त फुगेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते भराभर फुगतं आणि आतला सांगाडा घट्ट व्हायच्या आत खाली बसतं. सोडा वाढला तर वर साबणासारखी चव येते.

दोन्ही डब्यांवर उघडल्याची तारीख लिही. पावसाळ्यात डब्यात ओला चमचा गेला की पावडर मुकाट्यानं मरते, दिसायला तशीच दिसते. शंका आली तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाक. जोरात फसफसली तर जिवंत आहे. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात. आणि मैद्याबरोबर त्या दोनदा चाळून घे, नाहीतर केकमध्ये पिवळे कडवट ठिपके येतात.

खमण करताना इनो घातल्यावर आपण पीठ ठेवून देतो का? लगेच वाफेला लावतो. केकचंही तेच.

हात कधी थांबवायचा ते शीक

लोणी-साखर फेसताना आळस नको. रंग फिका पडेपर्यंत, मिश्रण हलकं होईपर्यंत फेस. अंडी एकेक करून घाल, गार अंडी एकदम ओतली तर मिश्रण फाटतं. पण मैदा पडला की तोच हात आवर. पुरणपोळीची कणीक आपण तेल लावून तिंबतो, कारण ती ताणली जायला हवी असते. मैद्याला पाणी आणि घुसळण मिळाली की तो चिवट होतो. पोळीत तो चिवटपणा हवा, केकमध्ये नको. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांब. एखादी बारीक गुठळी राहिली तरी चालते.

पाव मात्र पोळीच्या घरचा. तिथं मळायचंच. पण पावाचं पीठ ‘एक तास’ ठेवा असं लिहिलेलं असतं तेव्हा इडलीचं पीठ आठव. ते उन्हाळ्यात किती लवकर फुगतं आणि थंडीत त्याला घोंगडीत गुंडाळावं लागतं, हे तुला ठाऊक आहे. काचेच्या बरणीत पिठाच्या पातळीला रबरबँड लाव आणि दुप्पट झालं की पुढं जा, मग चाळीस मिनिटं लागोत की दोन तास. यीस्टचं पाणी कोमट, ३५ ते ४० अंश. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर चटका बसता कामा नये. साठच्या आसपासच्या पाण्यात यीस्ट मरतं.

ओव्हनशी ओळख करून घे

कोकणातल्या माझ्या आत्या काकडीचं धोंडस करायच्या. जाड बुडाचं पातेलं, खाली निखारे, झाकणावर निखारे. खालचे विझत आले तर बूड कच्चं राहायचं, वरचे जास्त झाले तर माथा काळा व्हायचा. तुझ्या ओटीजी ओव्हनमधल्या वरच्या आणि खालच्या सळ्या म्हणजे तेच निखारे. केकला खालची उष्णता महत्त्वाची. माथा लवकर लाल होत असेल तर वर फॉइलचा तुकडा सैलसर ठेव.

ओव्हनच्या बटणावर १८० लिहिलंय म्हणून आत १८० आहे असं धरू नकोस. काही शे रुपयांत ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो. तो आण. माझ्या पहिल्या ओव्हनचं १८० म्हणजे खरं २०५ होतं. ते कळेपर्यंत सगळे केक वरून फुटायचे आणि मी दोष मात्र मैद्याला द्यायची. आत सगळीकडे उष्णता सारखी आहे का हेही बघ. जाळीभर ब्रेडचे तुकडे मांड, १८० वर भाज आणि कुठले आधी लाल होतात त्याचा कागदावर नकाशा काढ. मागचा डावा कोपरा जास्त तापतो असं कळलं, की तीन चतुर्थांश वेळ झाल्यावर भांडं फिरवायचं. पंखा चालू असेल तर तापमान कृतीपेक्षा वीस अंशांनी कमी ठेव.

आधी पंधरा मिनिटं तरी तापव. भांडं मधल्या फळीवर ठेव. आणि तीन चतुर्थांश वेळ होईपर्यंत दार उघडू नकोस. एकदा माझा केक अर्धा फुगलेला असताना लाइट गेले. घाबरून मी दार उघडलं, आणि डोळ्यांसमोर तो खाली गेला. पुढं एकदा तसंच झालं तेव्हा दार लावूनच ठेवलं, पंधरा मिनिटांनी लाइट आले आणि केक थोडा दाट होऊन का होईना, झाला. भाजताना दाराबाहेर थांबायची सवय लाव. काचेतून बघायला कुणाची हरकत नाही.

घड्याळ बोलावतं, खूण सांगते

चांगल्या कृतीत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : ‘३० ते ३५ मिनिटं’ आणि ‘सुई कोरडी येईपर्यंत’. नवा माणूस पहिलीवर विश्वास ठेवतो. तू दुसरीवर ठेव. तीस मिनिटं झाली म्हणजे बघायला जायची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ. घरभर वास सुटला का, कडा भांड्यापासून सुटल्या का, मध्यावर बोटानं हलकं दाबलं तर वर येतं का, विणकामाची सुई खुपसली तर तिला ओलं पीठ लागतं का की कोरडा कण. हे सगळं जुळलं की काढ, मग घड्याळ काहीही म्हणो.

बिस्किटांचं उलट असतं. नानकटाई गरम असताना मऊच लागते आणि गार होताना खुसखुशीत होते. ती कडक होईपर्यंत आत ठेवली तर गार झाल्यावर दात लागत नाही. बूड फिकट गुलाबी झालं की बाहेर काढ आणि पत्र्यावर तशीच राहू दे. केक दहा मिनिटं भांड्यात, मग जाळीवर. पाव उलटा करून बुडावर टिचकी मार, पोकळ आवाज आला पाहिजे. आणि कापायची घाई नको. गरम पाव कापला तर आतून चिकट राहतो.

वही ठेव, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल

पहिल्यांदा कृती जशीच्या तशी कर. साखर कमी नको, अंड्याऐवजी दही नको, भांडं दुसरं नको. दुसऱ्यांदाही तशीच कर. तिसऱ्यांदा एकच बदल कर आणि लिहून ठेव. साखर, पीठ आणि वेळ तिन्ही एकदम बदललीस, तर केक चांगला झाला तरी का झाला ते कळणार नाही, आणि बिघडला तरी कळणार नाही.

दर वेळी तारीख, हवा, मैद्याचे ग्रॅम, थर्मामीटरचा आकडा, काढल्याची वेळ आणि एक ओळ निकाल लिही. सहा महिन्यांत ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा तुझ्या कामाची होईल, कारण त्यात तुझा ओव्हन असेल. आत्मविश्वास म्हणतात तो मला तरी तिथंच सापडला. मन घट्ट करून तो येत नाही. मागच्या वेळी काय केलं आणि काय झालं हे समोर लिहिलेलं असलं, की भीतीला जागा उरत नाही.

बिघडलेला केकही टाकायच्या आधी कापून बघ, तो कारण सांगतो. माथा फुटून डोंगर झाला तर ओव्हन जास्त तापला होता. आतून चिवट आणि भोकाभोकांचा झाला तर मैदा घातल्यावर जास्त घोटलंस. दाट आणि बुटका राहिला तर पावडर जुनी किंवा लोणी पातळ. मध्ये खड्डा आणि खड्ड्याखाली ओला पट्टा असेल तर कच्चा काढला किंवा दार उघडलं. खड्डा असून आत कोरडा जाळीदार असेल तर पावडर जास्त. तुझा ओला होता ना? कडा करपलेल्या आणि मध्य ओला. भांडं लहान म्हणून मिश्रण खोल, ओव्हन तापट, आणि कडांकडे बघून तू लवकर बाहेर काढलास. तिन्ही गोष्टी दुरुस्त होणाऱ्या आहेत. यात ‘माझं काम नाही’ असं काही मला दिसत नाही.

कुठून सुरुवात करशील

मलईचे थर आणि साखरेची फुलं आत्ता नको. आधी पाउंड केक शीक. त्याची कृती नावातच आहे : मैदा, लोणी, साखर, अंडी, चारी एकेक पाउंड. आपण चारी सारख्या वजनाची घ्यायची. तीन अंडी फोडून तोल, १५० भरली तर बाकी तिन्ही १५०, वर एक छोटा चमचा बेकिंग पावडर. १७० अंशांवर चाळीस मिनिटांच्या आसपास, पण खूण तीच. एवढ्या एका केकात फेसणं, अंडी घालणं, हात आवरणं आणि सुई बघणं चारही गोष्टी शिकून होतात. तो लागोपाठ तीनदा नीट झाला की मग पाव.

आणि त्याच्याही आधी, तुझ्या पणजीची नानकटाई. वहीत नव्हतं ते सगळं आता लिहिते.

थिजलेलं साजूक तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम. परातीत तळहातानं फेस, दहा-बारा मिनिटं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. झालं की नाही याची आमची जुनी परीक्षा अशी : वाटीभर गार पाण्यात चिमूटभर टाकायचं. नुसतं तूप तसंही तरंगतं, पण साखर मिसळलेलं तूप बुडतं. ते तरंगलं म्हणजे त्यात पुरेशी हवा शिरली. मग चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, चार वेलदोड्यांची पूड. मैदा १७५ ग्रॅम चाळून घाल आणि तिंबू नकोस, नुसता गोळा कर. आता थांब आणि एक गोळी वळून बोटानं दाब. हाताला तुपकट चिकटली तर अजून पाच-दहा ग्रॅम मैदा घाल. कडेला बारीक भेग पडली आणि गोळी मोडली नाही, की बसला तेवढा बसला. बावीस ग्रॅमचे गोळे कर, किंचित चपटे. हवा गरम असेल तर वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे पसरणार नाहीत. १६० अंश, अठरा मिनिटांनी बूड बघायला जा.

माझ्या वहीत दिवाळीदिवाळीचे आकडे आहेत. कोरड्या थंडीच्या वर्षी १७५, पाऊस लांबलेल्या वर्षी १९०, एरवी मधे कुठेतरी. ‘बसेल तेवढा’ म्हणजे हेच पंधरा ग्रॅम होते. आईनं ते खोटं किंवा अपुरं लिहिलं नव्हतं. पंधरा ग्रॅम हाताला सोडायचे, हे तिला ठाऊक होतं. फक्त त्याच्या आधीचे पावणेदोनशे कुठून धरायचे ते तिनं लिहिलं नाही, आणि मला ते तीन दिवाळ्यांनी कळलं. तुला पहिल्याच दिवशी कळावं म्हणून सांगितलं.

या रविवारी कर. चार निघाल्या की एक बाजूला काढून गार झाल्यावर खा, आणि मग मैद्याचा आकडा मला फोनवर सांग. पणजीच्या वहीत त्या दोन ओळींच्या शेजारी समासात माझे आकडे पेन्सिलीनं लिहिलेले आहेत. त्याखाली जागा आहे. तुझा तिथं लिहून ठेवते.

तुझी आजी